ऑपरेशनची लिस्ट थिएटरबाहेर लावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आई अंगणात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. तासगावहून तिला जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात नेले. रात्री बारापासून उपाशी ठेवले, सकाळी गाऊन घातला. दुपारी दोनला सिस्टर येऊन म्हणाल्या, "आज होणार नाही, जेवायला द्या." असे सलग तीन दिवस. तिसऱ्या दिवशी आईने पाणीसुद्धा मागितले नाही. "नुसतं ओलं फडकं ओठावरनं फिरीव," म्हणाली.

पहिल्या दिवशी अडलेल्या बाळंतिणीचे सिझेरियन आले, दुसऱ्या दिवशी अपघातातला मुलगा. त्याबद्दल माझी तिळमात्र तक्रार नाही. जीव धोक्यात असलेला आधी आत गेलाच पाहिजे. सांगली-मिरजेला कर्नाटकातल्या अथणीकडूनही पेशंट येतात, थिएटर आणि भूलतज्ज्ञ कमी पडणार हे समजते. पण तिसऱ्या दिवशी गुडघा बदलायला स्वतःच्या पायांनी चालत आलेले गृहस्थ पुढे गेले. कुणाचा तरी फोन आला होता, असे वॉर्डात बोलत होते. खरे की खोटे, कसे कळणार? आम्ही तिघांना विचारले, एकानेही उत्तर दिले नाही.

झिजलेला गुडघा महिनाभर थांबू शकतो. मोडलेला खुबा थांबत नाही. शक्यतो ४८ तासांत ऑपरेशन व्हावे, असे हाडांचे डॉक्टरच सांगतात. म्हातारे माणूस पडून राहिले की छातीत कफ साठतो, पायात गुठळ्या होतात, पाठ सोलवटते. आईचे ऑपरेशन पाचव्या दिवशी झाले. ती आता वॉकर धरून पडवीपर्यंत येते, पण पाठीची जखम अजून भरलेली नाही.

रोजची लिस्ट थिएटरबाहेर लावावी. नावे नकोत, केसपेपरचा नंबर आणि ऑपरेशन पुरे. क्रम बदलला तर कारण लिहून खाली डॉक्टरांची सही असावी. सही करायची म्हटले की फोनवरून नंबर बदलणे एवढे सोपे राहणार नाही. ज्याचे ऑपरेशन राहिले, त्याला दुसऱ्या दिवशी इमर्जन्सी वगळता पहिला नंबर मिळावा.

आणि केस लांबणार हे सकाळीच दिसत असेल, तर तेव्हाच सांगा. भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी बहुतेकांना चालते. ते तरी पेशंटला विचारून द्यावे.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)