खिशातली शिट्टी

कोल्हापूर,
१८ मे, रविवार

प्रिय विजू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोन करायचा सोडून मी कागद काळे करत का बसलोय, तर त्याला कारण आहे. इथल्या शिबिरात दर रविवारी दुपारी पोरांनी घरी पत्र लिहायचं असा नियम आहे. मोबाइल पहिल्याच दिवशी पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद झाले, माझाही. मघाशी एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "सर, आम्हालाच का? तुम्ही पण लिहा की." बायकोला काय लिहिणार, ती कालच आमरसाचा डबा देऊन गेली. म्हटलं विजूला लिहू. तुला काही सांगायचंही आहे, ते ओघात येईल.

तर शिबिर गोल्फचं आहे. हसून झालं की पुढं वाच.

सुट्टीत मी घरी पंख्याखाली पडून होतो. त्यात ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आले. लष्करातल्या मैदानांवर पंचवीस वर्षं हा खेळ खेळलेला माणूस. गोकुळ शिरगावच्या पलीकडं एका बागायतदारानं माळावर सहा ग्रीन (म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) आणि बॉल मारायला एक रेंज केलीय, तिथं मुलांचं बारा दिवसांचं शिबिर घ्यायचं होतं. शिकवायला ते स्वतः होते. पोरांना उठवायला, रांगेत लावायला, जेवायला घालायला एक पीटीचा मास्तर पाहिजे होता. मी म्हटलं, "साहेब, आम्ही पेठेतली फुटबॉलची माणसं, मला ह्यातलं ओ का ठो कळत नाही." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही पाहिजे. अर्धवट कळणारा आला की शिकवायला लागतो."

बावीस पोरं आहेत, नऊ ते पंधरा वयाची. उद्यमनगरातल्या कारखानदारांची आहेत, डॉक्टरांची आहेत, कागलची एक, गडहिंग्लजचे दोघं सख्खे भाऊ, मुंबईहून आजोळी आलेला एक. आणि इथल्याच माळ्याचा पोरगा, तो फी न भरता. हा खेळ पैसेवाल्यांचाच, हे माझं मत अजून पुरतं बदललेलं नाही. आपल्या शाळेतली पोरं इथं आली नसती. पाण्याचंही मी पहिल्या दिवशीच विचारलं. फक्त ग्रीनला विहिरीचं पाणी देतात, बाकी सगळा माळ मे महिन्यात असतो तसा करपलेला. सुभेदारसाहेब म्हणतात, वाळलेल्या जमिनीवर बॉल जास्त पळतो, पोरांना बरं वाटतं.

पाचला उठायचं. मीच उठवतो. पहाटे माळावर गार वारं असतं, पोरं चादरी गुंडाळूनच बाहेर येतात. साडेनऊनंतर ऊन असं काही तापतं की पायाखालची माती भाजते, म्हणून सगळं शिकणं त्याआधी. आणि शिकवणं उलट्या बाजूनं. मला वाटलं, लांब कसं मारायचं ते आधी शिकवतील. पोरांनाही पहिल्या दिवसापासून ड्रायव्हरच पाहिजे होता, ती सगळ्यात लांब मारायची काठी. पण सुभेदारसाहेबांनी तीन दिवस फक्त पटर हातात दिला, ती जवळून बॉल ढकलायची काठी. भोकापासून दोन पावलांवर उभं राहायचं आणि बॉल आत घालायचा. जमलं की तीन पावलं. भोक म्हणजे १०८ मिलिमीटर, आपल्या आमटीच्या वाटीएवढं. बॉल ४६ ग्रॅमच्या आतबाहेर... नाही, आतच, त्याहून जड चालत नाही. दोन पावलांवरून आत घालायचं काय अवघड, असं तुला वाटेल. मी पहिल्या दिवशी दहातले तीन घातले. एक नऊ वर्षांचा पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला, "होतं असं सर कधीकधी."

मग चिप. ग्रीनच्या कडेवरून बॉल थोडा उचलून आत टाकायचा. तिथं मात्र गडहिंग्लजची पोरं आणि माळ्याचा पोरगा सगळ्यांच्या पुढं. विजू, हे दुसरं तिसरं काही नाही, हे विटी कोलणं आहे! मनगट ढिलं, नजर विटीवर, आणि कोललं की डोकं वर करायचं नाही. वकट, लेंड, मूंड म्हणत आपण जे दिवसच्या दिवस घालवले, त्याची कुणी तरी फी घेतंय, एवढाच फरक. ज्यांनी विटीदांडू कधी बघितलाच नाही ती पोरं बॉलच्या मागं ढेकूळच उडवतात. उडालेली ढपली परत आणून जागेवर बसवायची आणि पायानं दाबायची, हाही नियम. आधी पोरं कंटाळायची. आता दुसऱ्याची ढपली पडलेली दिसली तरी बसवतात.

काठी धरण्यावरून एक गंमत. एकाचे आजोबा तालमीतले, त्यामुळं घरी मुद्गलाची जोडी फिरवलेली. त्यानं काठी अशी आवळली की हाताच्या शिरा दिसायला लागल्या. सुभेदारसाहेबांनी त्याला बोटं अडकवून धरायला सांगितलं, वर-खाली ठेवून सांगितलं, काही होईना. शेवटी स्वयंपाकाच्या मावशी लांबून ओरडल्या, "अरं, लाटलेली पुरणपोळी तव्यावर टाकताना धरत्यात तसं धर की! आवळलीस तर फाटंल, सोडलीस तर पडंल." पोरगा हसला आणि हात ढिला पडला. तेव्हापासून साहेबही सगळ्यांना पुरणपोळीच सांगतात.

खाण्याचं म्हणशील तर मावशी जोरात आहेत. सकाळी पोहे नाही तर उप्पीट, दुपारी भाकरी, पिठलं, ठेचा. बुधवारी तांबडा-पांढरा झाला. मुंबईच्या पोरानं पांढरा बघून 'हे सूप आहे' म्हणत तीन वाट्या प्यायल्या आणि मग तांबडाही तसाच प्यायला गेला. पुढचं लिहीत नाही.

दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बसणं. कॅरम, गोष्टी आणि तासभर नियम. एका दुपारी एका मुलीचे वडील आले, फौंड्रीत काम करतात. मुलांच्या मापाच्या काठ्या महाग, म्हणून साहेबांनी मोठ्यांच्या जुन्या काठ्या गोळा केल्या होत्या. ह्या वडिलांनी त्या करवतीनं पोरांच्या उंचीला कापल्या, नव्या मुठी चढवल्या. एकेक आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, उजेडात धरून, नखानं टिचकी मारून म्हणत होते, "हे डोकं ओतीव. हे घडीव, बघा आवाज." रोज गाड्यांचे सुटे भाग ओतणारा माणूस, त्याला ह्या काठ्यांत काय दिसलं असेल ते मला तासभर बघत बसावंसं वाटलं. त्यांची पोरगी शेजारी उभी. बापाला इथं काहीतरी येतंय ह्याचा तिला जो आनंद झाला होता ना!

साडेचारला परत रेंजवर. आणि सहा वाजता सगळ्यात मजेचं काम, बॉल वेचणं. शेंगा वेचायला बायका बसतात तशी ओळ धरून बावीस पोरं माळ विंचरत जातात, बादल्या वाजतात. माळ्याच्या पोराची बादली रोज पहिली भरते. घाणेरीच्या झुडपात, उंदराच्या बिळात, बॉल कुठं जातो ते त्याला माहीत. हा पोरगा शिबिराच्या आधीपासून संध्याकाळी एकटाच एक वाकडी काठी घेऊन मारायचा म्हणे. एका रात्री साहेबांनी त्याच्याकडं न बघता सगळ्यांना गोल्फवाल्या चौरसियाची गोष्ट सांगितली. कोलकात्यात रॉयल कलकत्ता म्हणून १८२९ सालचा क्लब आहे. तिथं गवताची निगा राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा, बघून बघून शिकला आणि २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाचला मी उठवायला गेलो तर तो ग्रीनवर.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. माझी शिट्टी तुला माहीत आहे. गळ्यात शिट्टी नसली तर मला उघडं वाटतं. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "ती खिशात ठेवा. ह्या खेळात पंच प्रत्येकाच्या मागं फिरत नाही." मी म्हटलं, मग चुकलं कोण ठरवणार? "ज्याचा बॉल तो." हरवलेला बॉल तीन मिनिटंच शोधायचा, घड्याळ आपलंच. काठ्या चौदाच, मोजायच्या आपणच. बॉलजवळची काडी उचलताना बॉल हलला तर एक फटका आपणच वाढवून घ्यायचा आणि बॉल जागेवर ठेवायचा, कुणी बघितलेलं असो वा नसो. मी मनात म्हटलं, हे लष्करात चालत असेल, आपल्या गावात नाही चालणार. शाहू स्टेडियमवर एका थ्रो-इनसाठी दोन पेठा उठतात, आणि हे पोरांच्या भरवशावर!

शिट्टी बारातल्या आठ दिवसांत एकदाच वाजली. मंगळवारी पाचच्या सुमाराला कागलकडून आभाळ काळं झालं आणि पहिली वीज दिसली. मोकळा माळ, पोरांच्या हातात लोखंडी काठ्या. साहेब नुसतं माझ्याकडं बघत म्हणाले, "मास्तर, वाजवा." अशी वाजवली की गडहिंग्लजचा धाकटा काठी टाकून पळाला. पाच मिनिटांत वळीव कोसळला, गाराही पडल्या. पत्र्यावर एवढा आवाज की बोललेलं ऐकू येईना. पोरांनी गारा खाल्ल्या, मी बघितलं नाही असं केलं.

परवा सहा भोकांची स्पर्धा झाली. दोघादोघांच्या मागं मोठं माणूस फक्त वाट दाखवायला. माझ्या वाट्याला तोच नऊ वर्षांचा, मला धीर देणारा. शेवटच्या भोकावर त्यानं बॉल आत घातला, मी बोटांवर मोजून म्हटलं, "शाब्बास, आठ." तो म्हणाला, "नऊ सर." मी म्हटलं, मी बघितलं ना, आठच. "नाही सर, त्या घाणेरीच्या मागं एकदा फिरवली ती बॉलला लागलीच नाही. हवेत गेली. ती पण धरायची असती." झुडपामागं होता, मला दिसला नव्हता. नऊ लिहिले. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, तो सरबत प्यायला पळाला. एका जादा फटक्यानं तिसरा नंबर गेला. रात्री साहेबांनी गोल्फवाल्या आदिती अशोकचं सांगितलं, टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, ब्राँझ एका फटक्यानं गेलं. कागलची पोरगी म्हणाली, "आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ आणलं, तो तर रायफलवाला, त्याचा मार्क मशीनच सांगतंय. हिथं आपलं आपणच सांगायचं म्हणजे लई वंगाळ."

मला झोप येईना. कारण त्याच्या आदल्या दिवशी पोरं झोपल्यावर साहेबांनी मला हौसेनं दोन भोकं खेळवली होती, बॅटरीच्या उजेडात. मीही एकदा हवेत फिरवली होती. साहेब बॉलकडं बघत पुढं गेलेले. मी मोजली नव्हती.

आणि तिथून डोकं मागं मागं गेलं ते थेट गांधी मैदानावर. १९८६, दिवाळीची सुट्टी. शिवाजी पेठेची पोरं विरुद्ध तुझी मंगळवार पेठ. जूनमध्ये मॅराडोनानं हातानं गोल केलेला, सगळं गाव तेच बोलत होतं. एक-एक बरोबरी, कॉर्नर आला, मी उडी मारली आणि बॉल आत. तू पळत आलास, "हात लागला! हात!" पंच म्हणजे आमच्याच पेठेतला एक दादा, त्यानं गोल दिला. तू मला विचारलंस, "खरं सांग." मी म्हणालो, "आईशप्पथ डोक्याला लागला." पैज होती, रंकाळ्यावर भेळ तू दिलीस. चौघांची भेळ, तुझ्या दिवाळीच्या पैशातून. पुढं कधी विषय निघाला की तू हसत 'मॅराडोना' म्हणायचास आणि मी हसत 'डोकं' म्हणायचो. वहिनींसमोरही म्हणालोय, तुझ्या लग्नात.

हात लागला होता, विजू. उजवा, मनगटाच्या वर.

समोर पोरांची पत्रं संपत आलीत. एकजण विचारतोय, "सर, 'माझी आठवण काढू नका' असं लिहिलं तर आई रडेल का?" म्हटलं, लिहू नको. पाकिटं पाच-पाच रुपयांची आणून ठेवलीत, ती वाटायला उठतो. शिबिर गुरुवारी संपतंय. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत येणार असशील तर कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बंडू

ता. क. चौघांच्या भेळेचं माझ्याकडं लागतंय. रंकाळ्यावरच.