प्रत्येक रायफलला लायसन्स लागत नाही

संपादक महोदय,
शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा नेमबाजीचा प्रकार) ब्राँझ घेतलं तेव्हापासून आमच्या सांगलीत पण पोरं शूटिंग शूटिंग करत्यात, पण लायसन्सचं नाव काढलं की आईबाप मागं सरतात. अहो सुरुवात १० मीटर एअर रायफलनं (हवेच्या दाबावर छर्रा उडवणाऱ्या रायफलनं) होते, .१७७ बोअरची (म्हणजे नळीचं भोक .१७७ इंचाचं) आणि छर्र्याची ताकद २० ज्यूलच्या आतली असली तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं तिला लायसन्स लागत नाही. ५० मीटरला वापरतात त्या .२२ बोअरच्या काडतुसाच्या रायफलला लागतं, मग कलेक्टर ऑफिसला अर्ज, पोलिस चौकशी, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, पण ते लांबचं.

आणि पहिल्याच महिन्यात लाखांची इम्पोर्टेड रायफल घेऊ नका, क्लबच्या रायफलवर शिकू दे आधी. नेमबाजीचं जॅकेट तर अंगाच्या मापाचं लागतं, वाढत्या पोराला ते बघता बघता आखूड होतं (हे दुकानदार सांगणार नाही). एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो, तिथं पैशापेक्षा सराव लागतो.

क्रीडा खात्यानं शाळांत जाऊन नियमांची एवढी माहिती तरी द्यावी, आणि सुट्टीत पोरांना तासभर रेंजवर न्यावं.

- एक पालक, सांगली