सेन्सर बदलण्याआधी मोजून पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सीएनजीची मोटार खंबाटकी घाट चढताना झटके देऊ लागली, चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरने (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने) थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा कोड दाखवला, की तो सेन्सर बदलून मोकळे व्हायचे, असा शिरस्ता आपल्याकडच्या बऱ्याच गॅरेजांत पडला आहे. सातारा शहरात गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा कारागीर या नात्याने मला त्याविषयी लिहावेसे वाटते, कारण नवा सेन्सर बसवूनही झटके कायम असलेल्या गाड्या माझ्याकडे वरचेवर येतात.

थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी, झडप किती उघडली आहे, हे इंजिनच्या कंट्रोल युनिटला कळवणे एवढेच या सेन्सरचे काम असते. जुन्या, केबलच्या थ्रॉटलवर त्याला तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ (अर्थिंगची वायर) आणि सिग्नल. पी०१२२ हा कोड सिग्नलचे व्होल्टेज कमी असल्याचे आणि पी०१२३ ते जास्त असल्याचे सांगतो. त्यामागचे कारण मात्र दोन्ही कोड सांगत नाहीत. पुरवठ्याची वायर तुटली किंवा सिग्नलची वायर बॉडीला टेकली तरी पहिला कोड येतो, आणि अर्थ सुटला तर दुसरा येऊ शकतो. या दोन्ही प्रसंगी सेन्सर ठणठणीत असतो.

सीएनजी गाडीत तपासणीची एक सोय आयतीच आहे. तीच गाडी त्याच चढावर पेट्रोलवर चालवून पाहावी. पेट्रोलवर ती सुरळीत चालत असेल आणि कोड पुसल्यावर पुन्हा येत नसेल, तर थ्रॉटल सेन्सरच्या मागे न लागता गॅसचा फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर आणि विशेषतः स्पार्क प्लग पाहावेत, कारण सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि इग्निशनमधला कमकुवतपणा आधी गॅसवरच उघडा पडतो. दोन्ही इंधनांवर झटके येत असतील, तर मल्टिमीटर काढावा. इंजिन बंद व चावी चालू ठेवून, आधी सेन्सरच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) ५ व्होल्ट आणि अर्थ मिळतो की नाही हे पाहावे, मग सिग्नलच्या वायरीवर मीटर लावून थ्रॉटल अगदी सावकाश उघडावा. साधारण अर्धा ते एक व्होल्टपासून चार-साडेचार व्होल्टपर्यंत आकडा न अडखळता चढला पाहिजे. मध्येच तो कोसळला, तर सेन्सरच्या आतली पट्टी झिजली असे समजावे. ही झीज बहुधा सुरुवातीच्या थोड्याशा उघडझापीच्या टप्प्यात होते, कारण थ्रॉटल बहुतेक वेळ तिथेच असतो. माझा अनुभव असा, की या कामात जुना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा बरा पडतो. क्षणभराचा खड्डा काट्यावर चटकन दिसतो, आकड्यांत तो निसटतो.

आता मुख्य मुद्दा. बाहेरून बसवलेल्या अनेक सीएनजी किटमध्ये, विशेषतः जुन्या पद्धतीच्या, गॅसच्या कंट्रोलरसाठी याच सिग्नलच्या वायरीतून एक फाटा काढलेला असतो. बॉनेटखालच्या उष्णतेने त्या जोडावरची टेप सुटते, पावसाळ्यात ओल शिरते, आणि टेप उलगडून पाहिली तर तांब्याच्या तारा हिरव्या पडून त्यांतल्या दोनचारच जोडलेल्या राहिलेल्या दिसतात. गाडी पेट्रोलवर असली तरी हा फाटा जोडलेलाच असल्याने दोष दोन्ही इंधनांवर दिसतो आणि आळ सेन्सरवर येतो. फाटा सोडवून, मूळ वायर सलग करून गाडी पेट्रोलवर चालवली, की खरे काय ते कळते. जोड झाळून त्यावर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवणे हे किरकोळ खर्चाचे काम आहे. कंपनीतूनच सीएनजीसह आलेल्या गाड्यांत असा फाटा सहसा नसतो.

इलेक्ट्रॉनिक, म्हणजे केबलऐवजी मोटरने उघडणाऱ्या, थ्रॉटलच्या गाड्यांत चुकीच्या निदानाचा भुर्दंड आणखी मोठा असतो. त्यात एकाच वेळी दोन सिग्नल जातात, त्यांचा मेळ बसला नाही तर पी२१३५ कोड येऊन गाडी मरगळल्यासारखी चालते, आणि सेन्सर बहुधा सुटा मिळत नसल्याने अख्खी थ्रॉटल बॉडी बदलली जाते. साताऱ्याहून पुण्याला भाडे मारणाऱ्या चालकाची कित्येक दिवसांची कमाई त्यात जाते.

म्हणून वाहनधारकांनी बिलावर पुरवठ्याचे, थ्रॉटल बंद असतानाचे आणि पूर्ण उघडा असतानाचे व्होल्टेज लिहून मागावे व जुना भाग परत घ्यावा. कोणत्याही प्रामाणिक मेकॅनिकला त्यात वावगे वाटू नये. सीएनजी सिलिंडरची दर ३ वर्षांनी चाचणी करावीच लागते. त्या वेळी सिलिंडर काढण्याघालण्यासाठी गाडी उभी राहते, तेव्हाच किटच्या वायरिंगचे सगळे जोड उघडून पाहण्याची पद्धत किट बसवणाऱ्या केंद्रांनी सुरू करावी, अशी माझी आपल्या पत्रातून त्यांना विनंती आहे.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सातारा