बंडूस पत्र: होमस्टेडचा दर

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. गुडघा ठीक, साखर आटोक्यात.

अमेरिकेत होमस्टेडला कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात 1892 मध्ये झालेल्या कामगार-लढ्यावरच्या माझ्या लेखातून बिलेटच्या (पोलादाच्या अर्धवट घडवलेल्या लांबट ठोकळ्याच्या) दराचं पान काढा, असं संपादक म्हणतात. वाचक कंटाळेल म्हणे, गोळीबार तेवढा ठेवा. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही, आणि हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला? आयुष्यभर रोलिंग मिलवर टनेज बोनस मोजलेला माणूस तू.

अरे, दर काढला तर भांडण कशावरून तेच कळत नाही! 1889 च्या करारात टनामागची मजुरी बेसेमर पद्धतीच्या पोलादाच्या चार इंची बिलेटच्या बाजारभावाला बांधलेली होती. भाव चढला की मजुरी चढे, उतरला की उतरे. पण भाव 25 डॉलरच्या खाली गेला तरी हिशेब 25 चाच. 1892 मध्ये कारखान्याचा कारभार पाहणाऱ्या फ्रिकने हा तळ 22 वर आणायचं ठरवलं, मग 23 वर आला. युनियन 24 पर्यंत उतरली. एका डॉलरवर अडलं. भाव पडलेलाच होता, म्हणजे तळ हीच खरी मजुरी. शिवाय प्लेट मिल (पोलादाचे जाड पत्रे लाटायचा विभाग) आणि ओपन हार्थ (पोलाद बनवायच्या उथळ भट्ट्या) इथले दरही कापायचे होते, नव्या यंत्रांनी माल जास्त निघतो म्हणून. आणि करार 30 जूनऐवजी 31 डिसेंबरला संपवायचा! मॉनोंगहेला नदीच्या काठी ऐन थंडीत, कोळशाचा नि घरभाड्याचा खर्च डोक्यावर असताना, संपाला उभं कोण राहणार?

कंपनीने बोलावलेल्या पिंकर्टन या खासगी पहारेकऱ्यांच्या बंदुकांनीच युनियन मोडली, हे तुझं पुण्यातल्या त्या रात्रीपासूनचं पालुपद. मला अजून पटत नाही. 6 जुलैच्या पहाटे दोन बार्जमधून (सपाट मालवाहू होड्यांतून) त्यांचे 300 जण आले, त्यांना कामगारांनी संध्याकाळपर्यंत शरण यायला लावलं. हार झाली ती नंतर. 12 जुलैला राज्याचे 8,000 वर सैनिक उतरले, त्यांच्या आडोशाने बाहेरची माणसं आत नेली, भट्ट्या पेटल्या.

त्या नव्यांना काम जमलं कसं? जुन्या पडलिंग भट्टीत लोखंड हाताने ढवळून शुद्ध करत; कार्बन जाईल तसं ते घट्ट होई. गोळा कधी बांधायचा, हे कारागीर सळईला लागणाऱ्या जोरावरून ओळखे. तो उठून गेला की भट्टी बंद. ओपन हार्थचं तसं नव्हतं. तिथे मेल्टर, म्हणजे भट्टीचा मुख्य कारागीर, चमच्याने नमुना काढे, साच्यात ओते, पाण्यात विझवून फोडे, तुटलेल्या जागेचे कण बघे. कार्बन किती ते प्रयोगशाळा सांगे. कसब मोजक्या हातांत राही, बाकीचे बदलता येत. हाही मजकूर संपादकांना नकोच आहे.

आणि 3,800 कामगारांत युनियनचे जेमतेम 800. ज्यांच्या दराला कुणी हात लावणार नव्हतं, ते मजूरसुद्धा त्यांच्याबरोबर बाहेर पडले, बंडू! सगळ्या प्रकरणात मला हेच सर्वांत मोठं वाटतं, आणि दर सांगितल्याशिवाय ते कळूच शकत नाही.

हरल्यावर बारा तासांची पाळी, पाळी बदलताना सलग 24 तास, थेट 1923 पर्यंत. साकचीच्या (आताच्या जमशेदपूरच्या) टाटांच्या पोलाद कारखान्याची आखणी करणारा ज्युलियन केनेडी होमस्टेडचाच जुना सुपरिंटेंडेंट. पण साकचीत आठ तास 1912 लाच आले. हे वाक्य तरी राहू द्या, म्हणून हट्ट धरलाय.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? चिमीचा निकाल कळव. आणि दराच्या पानाबद्दल लगेच लिही. तूही 'काढ' म्हणालास, तर भांडायला पुढची गाडी पकडतो.

तुझा,
वसंत