नुसता रिपोर्ट नको, फिल्मही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक पार्किन्सन दिनाच्या (११ एप्रिल) निमित्ताने आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. पार्किन्सनसारखेच दिसणारे पण वेगळे असलेले आजार त्यात राहून गेले. त्या गोंधळात आमच्या घराची तीन वर्षं गेली, म्हणून लिहिते आहे.

बाबांच्या हाताला कंप कधीच नव्हता. ते पडायचे, तेही मागच्या मागे. कधी तुळशीला पाणी घालताना, कधी दार उघडताना. पुढे जेवताना आमटी शर्टावर सांडायला लागली. आम्हाला वाटलं, हात चालत नाही. खरं तर त्यांची नजरच खाली वळत नव्हती. ताट छातीपाशी धरलं की व्यवस्थित जेवायचे. पण पार्किन्सन म्हणून लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू होत्या आणि गुण येईना म्हणून डोस वाढत होता.

एमआरआय पहिल्याच वर्षी काढला होता. रिपोर्टात एकच ओळ होती : वयोमानानुसार मेंदू आकसलेला. तीन वर्षांनी दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी तीच जुनी फिल्म उजेडात धरली आणि मेंदूच्या बरोबर मधल्या उभ्या छेदावर बोट ठेवलं. मध्यमेंदू झिजून बारीक झालेला, त्याखालचा पॉन्स हा मेंदूच्या देठाचा भाग मात्र भरलेला; दोन्ही मिळून लांब चोचीचा पक्षी बसल्यासारखा दिसत होता. डॉक्टर तिला हमिंगबर्डची खूण म्हणतात. तो पक्षी आपल्याकडे नाही, पण जास्वंदीवरचा शिंजीर पाहिलेल्याला ती लगेच कळेल. आजार होता प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पीएसपी.

मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी हा असाच आणखी एक आजार. त्यात उभं राहताच रक्तदाब कोसळतो, लघवीवरचा ताबा जातो. काही रुग्णांच्या पॉन्समध्ये, गुड फ्रायडेला वांद्र्याच्या बेकऱ्यांत मिळणाऱ्या बनवर असते तशी फुली दिसते. या खुणा सगळ्यांत दिसत नाहीत, सुरुवातीला तर बऱ्याचदा नाहीत. साध्या पार्किन्सनमध्ये नेहमीचा एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. त्यामुळे रुग्णाला तपासणं आधी, हे मला मान्य आहे. पण मध्यमेंदू आणि पॉन्स मोजून त्यांचं प्रमाण काढण्याच्या पद्धती २००५-०८पासून प्रसिद्ध आहेत आणि त्यासाठी वेगळं मशिन लागत नाही.

पीएसपी बरा होत नाही, मग नाव कळून काय फरक पडला, असं नातेवाईक विचारतात. फार पडला. निरुपयोगी डोस कमी झाला, बाबांची सुस्ती गेली. गिळताना ठसका लागून अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून स्पीच थेरपिस्टकडे वेळेत गेलो. बाथरूममध्ये कठडे बसवले. आणि मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची लाखोंची शस्त्रक्रिया, जी पार्किन्सनच्या निवडक रुग्णांना उपयोगी पडते पण पीएसपीत सहसा नाही, तिचा विचार सोडून दिला.

डॉक्टरांना विनंती, एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं 'ब्रेन' लिहू नका; 'मागे पडतात, नजर खाली जात नाही, पीएसपीची शंका' असं लिहा. रेडिओलॉजिस्टनी मधल्या छेदाबद्दल रिपोर्टात दोन ओळी तरी लिहाव्यात. आणि घरच्यांनी जुन्या फिल्म, सीडी टाकून देऊ नयेत. आमची फिल्म गादीखाली सरळ राहिली होती, म्हणून सापडली.

– एक वाचक, सातारा