बाबा, सूर्य उत्तरेला होता

महाल, नागपूर
२७ मे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा रात्री मेलबर्नहून दादाचा फोन आला आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. बाबा वाचनालयातून घरी येताना रस्ता चुकले, दीड तास भटकले, शेवटी एका बाईंनी दारापर्यंत आणून सोडलं, आणि त्या दिवसापासून फाटकाबाहेर पाय ठेवायला तयार नाहीत, असं तो म्हणाला. मग आईने फोन घेतला, रडवेली होऊन. म्हणाली, "हे म्हणतात, माझं डोकं आता कामातून गेलं. अख्खा देश पाठ होता आणि इथे चार गल्ल्या सापडत नाहीत."

बाबा, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. काल सकाळी उठून दादाला पुन्हा फोन लावला आणि खोदून खोदून विचारलं: किती वाजता निघाले, कुठल्या बाजूला वळले, ऊन होतं की ढग. त्याने सांगितलं तसं कागदावर काढत गेले आणि सगळा उलगडा झाला. घर वाचनालयाच्या दक्षिणेला. वेळ बाराच्या सुमाराची. तुम्ही आयुष्यभर करत आलात तेच केलंत. वर पाहिलंत, सूर्य ज्या बाजूला कललेला दिसला ती दक्षिण धरलीत आणि तोंडावर ऊन घेत निघालात. नागपुरात असता तर बरोबर घरी पोचला असता. पण मेलबर्नला दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, बाराही महिने. तुमचा हिशोब कुठेच चुकला नाही, बाबा. तुम्ही नाकासमोर, अगदी नेमके उत्तरेला गेलात.

सूर्य कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यातच डोक्यावर येतो, म्हणजे साडेतेवीस अंश वर आणि साडेतेवीस अंश खाली, हे तुम्हीच शिकवलेलं. मेलबर्न जवळजवळ ३८ अंश दक्षिणेला आहे, मकरवृत्ताच्याही पार खाली. तिथून सूर्याकडे बघायचं म्हणजे उत्तरेकडेच बघायचं. आपलं नागपूर मात्र २१ अंश उत्तरेवर, कर्कवृत्ताच्या थोडं अलीकडे. म्हणून आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर माथ्यावर येतो, मे संपता संपता आणि पुन्हा जुलैच्या मध्यात. मधल्या सात आठवड्यांत तो आपल्याही उत्तरेलाच असतो, पण इतका माथ्याजवळ की जाणवत नाही.

आणि कालच तो दिवस होता. २६ मे, ऐन नवतपा, सगळ्यांत तापणारे नऊ दिवस. आई, तुझा साखरेचा उभा स्टीलचा डबा रिकामा करून मी तुझ्या नातीला घेऊन गच्चीवर गेले. पाय भाजू नयेत म्हणून ओलं पोतं अंथरलं. खालून काकू ओरडल्या, "काय करून राहिली गं एवढ्या उन्हात? लू लागन ना पोरीले!" तिला डोक्यावरून ओला टॉवेल दिला होता, आणि कांदा खिशात होताच. बाराला डब्याच्या पश्चिमेला बोटभर सावली होती. ती बारीक होत होत केसाएवढी झाली. आणि बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी काहीच उरलं नाही. डबा उभा, लखलखीत ऊन, आणि आजूबाजूला सगळीकडे नुसती फरशी. पोरगी डब्याभोवती फिरून फिरून शोधत होती. मग तिने उडी मारली, तेव्हा तिची सावली पायांखालून निसटलेल्या रुमालासारखी खाली दिसली. "आजोबांकडे पण आत्ता असंच?" असं तिने विचारलं. त्या प्रश्नावरूनच हे पत्र लिहायला घेतलं.

बाराला का नाही, दहा मिनिटं उशीर का, हेही तिने विचारलं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, आणि नागपूर एकोणऐंशीवर. एका अंशाला चार मिनिटं. त्या हिशोबाने चौदा मिनिटं उशीर, पण मेअखेरीस सूर्य स्वतःच तीनेक मिनिटं पुढे असतो, म्हणून दहा-अकरा. हे सांगताना तुमचा आवाज माझ्या तोंडून येत होता, बाबा.

तुम्हाला आठवतं? आरएमएसच्या, म्हणजे रेल्वेतल्या टपालाच्या, डब्यातून पत्रं लावायची रात्रपाळी करून यायचात, बोटांना लाखेचा वास असायचा, आणि जेवताना ताटं वाढली की गावाचं नाव टाकायचात. "सिरोंचा?" दादा म्हणायचा, "पिन ४४२!" मी म्हणायचे, "बल्लारशाला उतरवायची थैली." मग तुम्ही म्हणायचात, "आणि आपल्या नाग नदीचं पाणी?" ते आम्ही एका दमात म्हणायचो: नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. महालाच्या बाजूने वाहणाऱ्या त्या बिचाऱ्या नदीकडे मी कधी नाला म्हणून पाहिलं नाही, ते त्यामुळे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन आला तेव्हा तुम्ही नोकरीत नवीन होतात. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, आणि वर संस्कृतात कविता करणारे, याचा तुम्हाला केवढा अभिमान! एकाच नावाची दहा-दहा गावं, प्रत्येकाची लिपी वेगळी, पत्ता अर्धवट, आणि तरी पत्र पोचलं पाहिजे. पिन नव्हता तेव्हा हे सगळं सॉर्टरच्या डोक्यात असायचं, असं तुम्ही सांगायचात.

आमच्या ऑफिसातली नवीन मुलं हुशार आहेत, पण गडचिरोली इथून कुठल्या दिशेला म्हटलं की खिशात हात जातो. पुण्याहून बदलून आलेल्या एकाला नागपूर मध्य प्रदेशात वाटत होतं. मला राग आला, पण मग वाटलं, १९५६ पर्यंत आपण मध्य प्रांताची, मध्य प्रदेशाची राजधानीच होतो, तेवढं तरी त्याला कुणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं. त्याला ते आवडलं, दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून झिरो माइल बघून येऊन चार घोड्यांचा फोटो दाखवला. लोकांना ठाऊक नसतं याचं मला तितकं वाईट वाटत नाही. कुणी बोट धरून दाखवलेलं नसतं याचं वाटतं. मला तुम्ही सायकलच्या दांड्यावर बसवून त्या खांबापाशी नेलं होतं. अख्ख्या देशाच्या मोजणीचं काम सुरू करणारा इंग्रज लॅम्बटन १८०२ मध्ये मद्रासहून निघाला, वीस वर्षं साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन वर सरकत राहिला आणि १८२३ मध्ये नागपूरला येता येता आपल्या हिंगणघाटात वारला, हे तुम्ही तिथेच सांगितलंत. त्याच मोजणीवरून पुढे राधानाथ सिकदारांनी एव्हरेस्टची उंची काढली. हिंगणघाटची ती कबर पाहायला आपण एसटीने गेलो होतो, तेव्हा आईने दशम्या बांधून दिल्या होत्या.

दादा म्हणतो, बाबांनी फोन घेऊन फिरावं. घ्या, बाबा, मला काळजी राहणार नाही. पण वर बघायचं सोडू नका. त्या दिवशी रस्त्यावरच्या सगळ्यांत सूर्याकडे बघून चालणारे तुम्ही एकटेच असाल, याची मला खात्री आहे.

आणि परकं वाटतं म्हणता, तर एक सांगते. ते खंड आणि आपली ही जमीन एकेकाळी एकत्र होती. त्या जुन्या महाखंडाला जगभरातल्या पुस्तकांत गोंडवाना म्हणतात, आपल्या गोंडांच्या मुलखावरून. कामठीच्या खडकांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात, तेच ऑस्ट्रेलियातल्या जुन्या कोळशाच्या थरांतही सापडतात. तुम्ही जुन्या शेजाऱ्याकडेच राहायला गेला आहात.

आई, तुझ्यासाठीही आहे. तिकडे ध्रुव दिसत नाही म्हणून तू हळहळलीस. संध्याकाळी अंधार पडला की नैऋत्येला बघ, चांगला वर एक ठळक पांढरा तारा दिसेल. तो अगस्त्य. आपल्याकडे तो दक्षिणेला पार खाली, झाडांच्या आड असतो. लोपामुद्रा विदर्भाच्या राजाची लेक, म्हणजे तो आपला जावई लागतो. विंध्याला "मी येईपर्यंत वाकून राहा" म्हणून दक्षिणेला गेला तो परत आलाच नाही. तुम्ही मात्र दिवाळीला या.

आता काम. हे पत्र पोचेल तेव्हा जून अर्धा उलटलेला असेल, तरी चालेल. दादाच्या अंगणात एक मीटरची सरळ काठी रोवा. ओळंबा लावून बघा, वाकडी नको. बारा ते साडेबारा दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सगळ्यांत आखूड सावली जेव्हा पडेल ती तिथली खरी दुपार, आणि ती सावली काठीच्या दीडपटीहून मोठी, बहुतेक पावणेदोनपटीच्या आसपास भरेल. तिचं टोक दक्षिणेला असेल. म्हणजे दुपारी वाचनालयातून निघालात की दादाचं घर कुठल्या बाजूला ते तुमची सावलीच दाखवेल. तिच्यामागे चालत जा. त्याच दिवशी आम्ही इथे गच्चीवर डबा ठेवू. जुन्या काळी ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इजिप्तातल्या सायीनीची बिनसावलीची विहीर आणि अलेक्झांड्रियाची सावली यांतला सात अंशांचा फरक धरून पृथ्वीचा घेर काढला होता. आपल्याकडे तर साठ अंशांच्या जवळपास आहे. नात म्हणते, आजोबांचा आकडा आल्याशिवाय ती तिचा सांगणार नाही.

आकडा फोनवर सांगू नका, कार्डावर लिहून पाठवा. तिथला पिन चारच आकडी आणि ३ ने सुरू होतो, हे तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिलं असेल. आपला ४४० च्या पुढचा तुम्हाला सांगायला नको.

डबा अजून गच्चीच्या दाराशीच आहे, आई. साखर सध्या बरणीत ठेवली आहे.

तुमची,
लेक