पाठीतल्या इंजेक्शनविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. इंजेक्शनची तारीख ठरली आहे, पण पाठीच्या कण्यात सुई या कल्पनेनेच तुझी झोप उडाली आहे, हे वाचून सविस्तर लिहायला बसलो.

माझ्या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी मागे सरकली होती आणि कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जात असे. डॉक्टरांनी समजावले ते मला पटले: हे दुखणे केवळ दाबाचे नसते, गादीतला गर बाहेर आला की त्यातील रसायनांनी नस सुजते, आणि इंजेक्शनमधले स्टेरॉईड ती सूज उतरवते. सरकलेली गादी ते जागेवर नेत नाही. ते काम बहुतेकांच्या बाबतीत शरीरच सवडीने करते, बाहेर आलेला गर हळूहळू आक्रसतो. तोवरचा काळ सुसह्य व्हावा एवढ्यासाठीच हे इंजेक्शन. ‘एका सुईत कायमचा आराम’ असे कोणी सांगितले तर कानाआड कर.

उपचारही काही नवखा नाही. 1901 साली पॅरिसमध्ये सिकार या डॉक्टरांनी माकडहाडाच्या बाजूने सौम्य कोकेन सोडून सायटिकाचे, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळीचे, रुग्ण हाताळले होते. स्टेरॉईडचा वापर त्यानंतरचा.

प्रत्यक्षात मला पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवले, पाठ गार औषधाने पुसली आणि कातडी बधिर केली. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत सुई नसेच्या वाटेपाशी नेली, मग पडद्यावर उठून दिसणारे रंगद्रव्य (डाय) थोडे सोडून जागेची खात्री केली. औषध आत जाताना नेहमीचीच कळ अंगठ्यापर्यंत सणकली. डॉक्टरांनी ‘हीच का?’ म्हणून विचारले आणि मी दात-ओठ खात ‘हीच’ म्हणालो. त्याहून अवघड काही नव्हते.

अवघड होती ती संध्याकाळ. बधिरपणा उतरला, दुखणे परत आले आणि पैसे पाण्यात गेले असे वाटले. स्टेरॉईडचा गुण यायला काही दिवस लागतात, कधी आठवडाही, हे मनाशी पक्के ठेव. त्या दिवशी गाडी चालवू नकोस, वहिनींना सोबत ने.

तुला मधुमेह आहे, म्हणून बजावतो: या औषधाने साखर काही दिवस वाढते, तेव्हा ती घरी तपासत राहा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांग. ती परस्पर बंद करू नकोस.

आराम पडला की पहिला मोह होतो राहिलेली कामे उरकण्याचा, आणि माझ्या मते बरीच माणसे नेमकी तिथेच घसरतात. मी सपाट रस्त्यावर थोडे थोडे चालणे वाढवत नेले. सलग बसणे टाळले, वाकून बादली उचलणे तर सोडूनच दिले. व्यायाम फिजिओथेरपिस्टसमोर शिकलो, मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून नव्हे. पाय पूर्ण मोकळा व्हायला वेळ लागला आणि अंगठ्याजवळची बधिरता कळ गेल्यानंतरही बराच काळ रेंगाळली.

मात्र लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातली शक्ती कमी होणे, ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठ.

एमआरआयचा अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी एकाच पिशवीत भरून ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन